हाकेला ओ

फ्रीगंजात टॉवर चौकापासून थोडं आत, एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर ती खोली होती. एरवी तिथे चादरींचे गठ्ठे पडलेले असत. दोन हजार चारच्या सिंहस्थासाठी इंदूरच्या एका कंपनीनं ती भाड्यानं घेतली, भिंतींना चुना मारला, खिडकीत वाळ्याचा कूलर बसवला आणि मधोमध लोखंडी घोडीवर तीन संगणक रचले. मेळ्यात हरवलेल्या माणसांची नोंद ठेवायचं काम या कंपनीकडे होतं. घाटाघाटांवर तिचे काउंटर होते. कुणी चुकलं, कुणी सापडलं, की त्या काउंटरवरचा माणूस नाव-गाव टाइप करायचा आणि ते या खोलीत येऊन पडायचं. मग मंगलनाथला बसलेली म्हातारी रामघाटावर शोधणाऱ्या मुलाला पडद्यावर दिसायची. निदान तशी योजना होती.

रुचिर करमरकर या खोलीत दुय्यम इंजिनिअर होता. उज्जैनचाच, शिकायला इंदूरला गेलेला, आणि नोकरीसाठी पुणं की हैदराबाद या विचारात असताना या कामाला चिकटलेला. पुढे तो दोन्हीकडे गेला, मोठमोठ्या माणसांच्या हाताखाली राहिला, पण कामाची गोष्ट निघाली की त्याच्या तोंडी आजही एकच नाव येतं. सुलभाताई मुजुमदार.

सुलभाताईंचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लिहिण्याच्या कामाला होते, असं त्यांच्या घरी सांगत. ताईंना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या चाळिशीच्या, सडसडीत, सुती पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. नानाखेड्याच्या एका कॉलनीत आईबरोबर राहायच्या आणि लूनावरून कामावर यायच्या. त्यांच्या खोलीत माउस नव्हताच. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्या हुकूम लिहीत. लिहून झाला की तो हलक्या आवाजात एकदा वाचत, आणि मगच एंटर दाबत. न वाचता एंटर दाबलेला रुचिरनं कधी पाहिला नाही. त्यांचं टायपिंग ऐकत बसावंसं वाटे, जसं एखाद्या जाणत्या हातानं तबला लावताना ऐकत बसावं.

त्या तीन संगणकांना ताईंनी नद्यांची नावं दिली होती: क्षिप्रा, गंभीर आणि चंबळ. त्यांच्या पुढे एक चपटी काळी पेटी होती. धंद्यात तिला लोड बॅलन्सर म्हणतात. घाटांवरून येणारे प्रश्न आधी या पेटीकडे येत आणि तिघांपैकी ज्याच्यावर भार कमी त्याच्याकडे ती पाठवी. रुचिर तिला 'कोतवाल' म्हणायचा. कोतवालाचं दुसरंही एक काम होतं, आणि खरं महत्त्व त्याचं. थोड्या थोड्या वेळानं तो तिघांचंही दार वाजवून विचारायचा, आहेस का रे? याला हेल्थ चेक म्हणत. उत्तर आलं नाही की तो संगणक पंगतीतून बाद.

पहिल्या मोठ्या स्नानाच्या दिवशी याच तपासणीनं घात केला.

सकाळपासून गंभीरची डिस्क भरून गेली होती. आतला नोंदींचा कारभार ठप्प होता, पण वरवर तो शाबूत होता. कोतवालानं विचारलं की इमानेइतबारे सांगायचा, आहे. म्हणून कोतवाल त्याच्याकडे प्रश्न पाठवत राहिला, आणि गंभीर प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिला, नोंद नाही. परभणीहून आलेली कुसुम नावाची एक बाई रामघाटाच्या काउंटरवर आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल विचारत होती. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिचा प्रश्न गंभीरच्या वाट्याला गेला. मुलगी सकाळपासून मंगलनाथच्या काउंटरवर बसून होती, नाव-गाव सगळं नोंदलेलं. तिसऱ्या 'नोंद नाही'नंतर कुसुम उठली आणि सरळ नदीकडे चालू लागली. काउंटरवर बसणारा प्रकाश नावाचा पोरगा तिच्या मागे पळाला म्हणून ती वाचली.

माय-लेकींची भेट दुपारी झाली. सुलभाताई स्वतः लूना काढून रामघाटावर गेल्या, कुसुमच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक आमच्या मशीनची होती. मशीन माझं आहे." कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. कंपनीनं तर गप्प राहायला सांगितलं होतं.

परत आल्यावर त्या पाणी न पिताच पडद्यासमोर बसल्या.

"तो जिवंत होता रे," त्या म्हणाल्या, "पण शुद्धीवर नव्हता. बेशुद्ध माणसाची नाडीसुद्धा चालूच असते. आपण नुसती नाडी बघत होतो."

"मग ताई, आता?"

"आता त्याला काम सांगायचं. कोतवालानं दर वेळी एका हरवलेल्या माणसाचं नाव विचारायचं, अगदी घाटावरची माणसं विचारतात तसंच. त्यानं नोंदी उघडून, शोधून, बरोबर उत्तर दिलं तरच तो शुद्धीवर."

मग त्यांनी हुकूम लिहायला घेतले. किती वेळानं विचारायचं, उत्तराची वाट किती बघायची, किती वेळा चुकला की बाद करायचा, आणि किती वेळा नीट बोलला की परत पंगतीत घ्यायचा. प्रत्येक ओळ त्यांनी वाचली. रुचिर मागे उभा राहून बघत होता. इतक्या थोड्या शब्दांत इतकी माणसं सांभाळता येतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. शेवटी ठरलं ते असं: दर पाच सेकंदांनी, तिघांनाही, एकच नाव. उत्तरात 'शोध चालू' हे दोन शब्द आले पाहिजेत.

"पण नाव कुणाचं?" रुचिरनं विचारलं.

"कुणाचंच नाही असं. खऱ्या माणसाशी घोटाळा नको. क्षेमाबाई. क्षेमाबाई अवंतीकर." ताई हसल्या. "क्षेम विचारायला क्षेमाबाई. नोंद तू कर. आणि काउंटरवाल्यांना ती दिसायला नको, फक्त कोतवालाला."

नोंदीत सगळ्या जागा भरल्याशिवाय ती जपलीच जात नसे. रुचिरनं वयाच्या जागी अठ्ठावन्न टाकलं. मग त्याच्या लक्षात आलं, आपल्या आईचं वय अठ्ठावन्न. हरवलेल्या बाईला ते द्यायला नको वाटलं. त्यानं खोडून एकसष्ट केलं. गाव आधी हिवरकाठ लिहिलं, पण नदीकाठी असं एखादं गाव खरंच असलं तर, म्हणून हिवरमाळ केलं. हिरवं लुगडं, अंगावर भेरूगढच्या छापाची चादर, उजव्या भुवईवर तीळ. शोधणाऱ्याचं नाव मागितलं तेव्हा त्यानं गमतीनं टाकलं: सुलभा. नातं: लेक.

ताईंनी ते वाचलं. "घरी एक आई आहे ती पुरत नाही का मला?" पण बदलायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कामाचं रूपच पालटलं. गंभीर पुन्हा एकदा अडखळला, पण काही क्षणांत कोतवालानं त्याला बाजूला काढलं आणि घाटावर कुणाला कळलंसुद्धा नाही. प्रकाश फोनवर म्हणायचा, "मैडम, क्या कमाल चल रहा है! नाम डालो और आदमी हाज़िर." तासातासाला माणसं माणसांना सापडत होती. रुचिर पडद्यावर तो ओघ बघायचा आणि त्याला ताईंचा अभिमान वाटायचा, जणू आपणच काही केलं आहे. त्या सगळ्या ओघाखाली, दर पाच सेकंदांनी, कोतवाल शांतपणे विचारत होता: क्षेमाबाई अवंतीकर? क्षिप्रा म्हणायची, शोध चालू. गंभीर म्हणायचा, शोध चालू. चंबळ म्हणायची, शोध चालू.

पहिली गोष्ट घडली ती इतकी किरकोळ होती की कुणी लक्ष दिलं नाही. भेरूगढजवळच्या काउंटरवरून फोन आला. एक मराठी बाई आली होती, हरवलेली वाटत नव्हती, कुणाला शोधतही नव्हती. काही तरी विचारत होती, पण तिला हिंदी येत नव्हतं. दुभाष्या शोधेपर्यंत ती निघून गेली. मेळ्यात अशी शेकडो माणसं.

मग मंगलनाथहून तसाच फोन आला. या वेळी काउंटरवर नाशिकचा एक स्वयंसेवक होता, त्याला तिचं बोलणं समजलं होतं. "मॅडम, ती एवढंच विचारत होती की मला कोण बोलावतंय."

"नाव सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"विचारलं, तर म्हणाली, नाव तर तुम्हीच घेताय की."

ताईंनी फोन ठेवला. रुचिर म्हणाला, "उन्हाचा परिणाम असेल, ताई. केवढी गर्मी आहे." ताईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं हे त्याला दिसलं.

त्यानंतर एका सकाळी, पोहे-जिलबीची पुडी अजून सुटलीही नव्हती, तोच कोतवालाचा बारीक गजर वाजला. तिन्ही संगणक एकदम बाद झाले होते. पण पुढच्याच फेऱ्यांत तिघंही परत आले, जणू काही झालंच नव्हतं. ताईंनी पुडी बाजूला ठेवली आणि मागच्या नोंदी उपसायला घेतल्या. तिघांपैकी कुणीही गप्प बसलं नव्हतं. तिघांनीही वेळेवर उत्तर दिलं होतं. फक्त ते 'शोध चालू' नव्हतं, म्हणून कोतवालानं ते मानलं नव्हतं.

उत्तर होतं, 'निघाले आहे'.

तिघांचं एकच.

"रुचिर, तू केलंस?"

"नाही, ताई. खरंच नाही."

त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा तो प्रश्न कधीच विचारला नाही. दुपारपर्यंत त्यांनी सगळं तपासलं. कोण आत आलं होतं, कुठून, कुठल्या तारेवरून. क्षेमाबाईंची नोंद उघडून पाहिली. रुचिरनं भरल्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता, आणि 'निघाले आहे' हे शब्द तिन्ही संगणकांत कुठंही साठवलेले नव्हते. दुसऱ्या कुणी 'नेटवर्कची गडबड' असं लिहून विषय मिटवला असता. ताईंनी अहवालात लिहिलं: कारण मला समजलेलं नाही. रुचिरनं ते वाक्य वाचलं आणि त्याला वाटलं, एवढं लिहायला केवढी छाती लागते.

दुसऱ्या दिवशी रामघाटावरून प्रकाशचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मैडम, एक माताजी आई थीं. मैंने कुछ बताया नहीं, फिर भी पूछा कि फ्रीगंज किधर है. मैंने रास्ता दिखा दिया. ठीक किया ना?"

"पहना क्या था?" ताईंनी विचारलं.

"हरी साड़ी. ऊपर भेरूगढ़ की छपाई वाली चादर."

रुचिर उठून उभा राहिला.

"बस, रुचिर," ताई म्हणाल्या. "यायची आहे तर येऊ दे."

ती दुपारी आली. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता, कूलर घरघरत होता, जिन्यावर ऊन पडलेलं होतं. चपला दाराबाहेर काढून ती आत आली. साधी, उंच, उन्हानं रापलेली बाई. अंगावर धूळ होती, कपाळावर घाम होता. उजव्या भुवईवर तीळ. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि ती नजर त्या काळ्या पेटीवर येऊन थांबली.

"इथूनच न्हवं?" ती म्हणाली.

ताईंनी खुर्ची पुढे केली, माठातलं पाणी दिलं. ती तांब्या वर धरून गटागटा पाणी प्याली. माणसासारखं माणूस. रुचिरला खात्री वाटली की कुणी तरी भारी थट्टा मांडली आहे, आणि त्या थट्टेचा शेवट काय होतो ते बघायला तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"नाव काय तुमचं?" ताईंनी विचारलं. आवाज अगदी साधा, घरात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसा.

"क्षेमा. अवंतीकरांची." आणि मग, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, खूप हलकं, "ओ. ओ. ओ."

"गाव?"

"हिवरमाळ. आधी नदीकाठीच होतं. एक दिवस माळावर गेलं. हंडे भरून ठेवलेले तसेच होते, अन् नदी नाही." पुन्हा तसंच, श्वासाखाली, "ओ. ओ. ओ."

"वय?"

"एकसष्ट." ती जराशी थांबली. "अठ्ठावन्न होतं. मग एकसष्ट झालं. मधली तीन वर्षं कुठं गेली ते नाही कळलं, बाई."

ताईंना त्या खोडाखोडीची काहीच कल्पना नव्हती. रुचिरनं ती कुणालाच सांगितली नव्हती. त्या वळल्या आणि त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर त्यांना जे वाचायचं ते मिळालं.

"मुलंबाळं?"

"एक लेक. सुलभा." बाईच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. "तिचं तोंड न्हाई आठवत. नुसतं नाव हाय. पण तिनं एवढं बोलावलं. जेवायला बसले की हाक, डोळा लागला की हाक. आजवर कुणी असं शोधलं न्हवतं मला. बसवेना. म्हटलं, जाऊन बघावं, इतकं कोण काळजी करतंय." आणि लगेच, "ओ. ओ. ओ."

रुचिरची नजर कोतवालाच्या हिरव्या दिव्यावर गेली. दिवा तीनदा लुकलुकला. क्षिप्रा, गंभीर, चंबळ.

ती थांबली होती. मग दिवा पुन्हा तीनदा लुकलुकला.

"ओ. ओ. ओ."

ती बाई पुटपुटत नव्हती. हाक येत होती आणि ती ओ देत होती. किती दिवस देत होती, झोपेत, चालताना, घास तोंडात असताना.

तो जवळच्या कीबोर्डपाशी गेला. क्षेमाबाईंची नोंद उघडलेलीच होती. नोंद पुसली की सगळं मिटेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बोट खाली येण्याआधी ताईंनी त्याचं मनगट धरलं.

"पुसायचं नाही."

"ताई, पण ही..."

"पुसलंस तर ही कुठे जाईल, माहीत आहे तुला?"

त्याला माहीत नव्हतं.

"मलाही नाही. म्हणून पुसायचं नाही."

ताई आपल्या पडद्यासमोर बसल्या. तपासणी थांबवता येत नव्हती. घाटांवर लाखो माणसं होती आणि कुठल्या तरी कुसुमचा प्रश्न त्या क्षणी वाटेत होता. त्यांनी नवी तपासणी लिहायला घेतली. नोंदी उघडायला लावणारी, हिशेबानं उत्तर मागणारी, तितकीच कडक. फक्त तिच्यात कुणाचंही नाव नव्हतं. मागे तीनतीनदा ओ येत होता. ताईंची बोटं एकदाही अडखळली नाहीत.

लिहून झालं. त्यांनी हलक्या आवाजात ते वाचलं. मग एंटर न दाबता खुर्ची वळवली.

"क्षेमाबाई, मी आता हाक थांबवते. चालेल?"

"थांबीव." बाई त्यांच्याकडे बघत होती. "पण मग मी कुणाची?"

"मीच सुलभा," ताई म्हणाल्या. "लेक म्हणून माझंच नाव आहे तिथे. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी चला."

एंटर वाजला.

दिवा तीनदा लुकलुकला.

बाईचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. काही आलं नाही. तिनं वाट पाहिली. दिवा पुन्हा लुकलुकला. ती तशीच बसून राहिली, मान किंचित कलती, कान देऊन. मग तिच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला, आणि खुर्चीतच तिला झोप लागली.

नियमाप्रमाणे नातेवाइकानं सही करून माणूस ताब्यात घ्यायचं असतं. ताईंनी सही केली आणि लूनाच्या मागे बसवून क्षेमाबाईंना नानाखेड्याला नेलं. ताईंच्या आईनं मेळ्यात चुकलेली बाई म्हणून तिचं आनंदानं केलं. रुचिर दोनदा त्यांच्याकडे जेवला. क्षेमाबाई पोळ्या चांगल्या करायच्या, बोलायच्या कमी. गॅलरीत उभ्या राहून त्या रस्त्याकडे बघत आणि कुणी खाली कुणाला हाक मारली की थबकत. ताई त्यांना 'आई' म्हणत नसत, पण ताट आधी त्यांच्यासमोर ठेवत. कंपनीला, पोलिसांना, कुणालाच काही सांगितलं नाही. रुचिरलाही त्यांनी काही बजावलं नाही. त्याच्यावर तेवढा भरवसा होता, आणि त्याला तोच मोठा मान वाटला.

मेळा संपला. साधू गेले, तंबू उतरले, काउंटर उचलले. संगणक अजून चालू होते, इंदूरहून गाडी यायची होती. त्या सुमारास क्षेमाबाईंनी गावी जायचं काढलं.

"गाव असेल का, ताई?" रुचिरनं हळूच विचारलं.

"पोचवून येते. मग सांगते."

तो त्यांना सोडायला नानाखेड्याच्या स्टँडवर गेला. सकाळची गर्दी होती. एक जुनी खासगी बस शेवटच्या फलाटाला लागली होती, तिच्यावर पाटी नव्हती. ताई कुणाला काही विचारणार तोच क्षेमाबाई चढून खिडकीपाशी बसल्या. कंडक्टर आला, त्यानं गाव विचारलं नाही, दोन तिकिटं फाडून दिली. बस हलली तेव्हा ताईंनी खिडकीतून हात केला. त्या घाबरलेल्या नव्हत्या. नव्या शहरात बदली झालेल्या माणसासारख्या समोर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिर तारा गुंडाळत होता. जिन्यावर कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला आणि ताई आत आल्या. बुटांवर लाल माती होती. त्यांनी पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि खुर्चीत बसल्या.

"गाव आहे," त्या म्हणाल्या.

रुचिरनं हातातली तार खाली ठेवली.

"माळावर आहे. चांगलं आहे. हवा चांगली आहे." त्या शब्द शोधत होत्या, आणि त्यांना शब्द शोधताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "घरं आहेत. ओट्यांवर बायका बसलेल्या. पुष्कळ. मी नमस्कार केला, पण कुणी मान वर करेना. सगळ्यांचे पदर असे पुढे ओढलेले. क्षेमाबाई म्हणाल्या, त्यांच्यावर रागावू नको, त्यांना अजून कुणी हाक मारलेली नाही."

खाली दुकानात कुणी कापड फाडलं.

"म्हणजे?"

"मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, नाव घेतल्याशिवाय मान वर कशी करणार?" ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "त्यांना बरं वाटलं, रुचिर, घरी पोचल्यावर. मला त्यांनी भाकरी दिली. मग मी निघाले. वेशीपाशी शेवटच्या ओट्यावर एक जण बसलेली होती. एकटीच. मला पुढे जाववेना."

"मग?"

"मी तिला हाक मारली."

"कुठल्या नावानं?"

"जे तोंडात आलं त्या. निहारिका."

चूक केलीत असं म्हणणं रुचिरच्या जिभेवर आलं नाही. तिथे तो असता तर मान खाली घालून पुढे निघून गेला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ताई उठल्या, त्यांनी थर्मासमधला चहा एका कपात ओतला आणि कप बशीसकट त्याच्या हातात दिला.

"ती खाली जिन्यात बसली आहे. सकाळपासून काही घेतलेलं नाही. एवढं नेऊन दे." त्या पडद्यासमोर जाऊन बसल्या. "आणि तिला वय विचारू नकोस. ते मी अजून ठरवलेलं नाही."

तो बशी सांभाळत जिना उतरला. शेवटच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून, कुणी तरी बसलं होतं. पदर पुढे ओढलेला होता. "चहा," तो म्हणाला. पदराखालून हात पुढे आला. तो लहान मुलीचा हात होता, नखांत लाल माती असलेला. बशीपर्यंत येता येता तो लांबला, मनगट भरलं, शिरा दिसू लागल्या. आणि बशी धरली ती एका म्हाताऱ्या बाईनं, चहा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, फार जपून.